थांबलं तर सांग

त्या दिवशी सकाळी बाबा स्वयंपाकघरातल्या नळाखाली खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं टोपण धरून उभे होते आणि मी त्यांच्या कोपराखालून हात घालून चहाचं भांडं विसळायचा प्रयत्न करत होते. टोपणावर मापाच्या रेघा असतात, म्हणून टोपण. दुसऱ्या हातात मनगटावरून काढलेलं घड्याळ. नळ गेले कित्येक महिने गळत होता, पण गळतो असं म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती. बाबा म्हणायचे, चालू आहे. "बाबा, सरका ना जरा, उशीर होतोय मला." "झालंच. कालच्याइतकंच आहे." "वा. म्हणजे आनंदच आहे." "आनंदच की. वाढलेलं नाही." "वाढायची वाट बघायची आहे का आपल्याला? आज प्लंबरला फोनच करते मी." "अगं, वाढलं तर बघू. थांबलं तर सांग." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते घरातल्या पंख्यासारखं झालं होतं, चालू असलं तरी ऐकू न येणारं. टोपणातलं पाणी त्यांनी खिडकीतल्या कुंडीत ओतलं. मी पावाचा तुकडा तोंडात धरून चपला शोधल्या. "साहेब, डबा राहिला," ते मागून म्हणाले. पाठ्यपुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांवर शेवटची सही माझी असते, म्हणून मी साहेब. मी डबा घेतला आणि निघाले. मागे वळून पाहिलं नाही, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. खरं म्हणजे पाहिलं, कारण किल्ली विसरले होते. ते तेव्हा टोपण फडक्याने पुसत होते, चष्म्याची काच पुसावी तसं.

संध्याकाळी घरी आले तर ते खुर्चीत नव्हते, स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचा भाव. "ऐक," म्हणाले. मी पिशवी खाली ठेवली. "काय ऐकू?" "ऐक तर खरं." फ्रीजची घरघर होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. "काही नाही ऐकू येत." "तेच!" बाबा म्हणाले. दुपारी त्यांनी स्वतःच प्लंबरला बोलावून घेतलं होतं. "तुझी झोपमोड होते ना. किती दिवस ऐकायचं तुझं पुटपुटणं." मी म्हटलं, बरं झालं. मग आम्ही जेवलो. त्यांनी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं माझ्यापुढे सरकवलं, दोन शब्द अडलेले ठेवून. ते मुद्दाम ठेवलेले असायचे असा माझा जुना संशय. मी ते भरले, त्यांनी "वा, साहेब" म्हटलं आणि दिवा मालवून झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते उठले नाहीत. झोपेतच, डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. आलेल्या प्रत्येकाने हे वाक्य मला पुन्हा सांगितलं आणि मी प्रत्येकापुढे मान डोलावली.

मी रडले नाही. यात मोठेपणा काही नव्हता, फक्त तसं झालं नाही. दादा रडला, वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग वहिनी माझ्याकडे आशेने बघत राहिली, जसं रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघतात. शोकसभेत दादाने मला बोलायला उभं केलं. "तू वाचतेस-लिहितेस, तूच बोल. बाबा कसे होते ते सांग." मी उभी राहिले. समोर खुर्च्या, खुर्च्यांत माणसं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ करत आलेली बाई मी, पण त्यांच्याबद्दलचं एक वाक्य घशापर्यंत येऊन तिथेच बसलं. आपण सगळे आलात, आभारी आहे, असं म्हणून मी खाली बसले. मागून कुणीतरी कुजबुजलं, फार सोसलंय हो तिने. कचेरीत पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हात हातात घेतला आणि विचारलं, "काय करायचे गं तुझे बाबा?" मी म्हटलं, "धरणावर होते." "अगंबाई, त्या धरणावर? इंजिनिअर?" आणि मी म्हटलं, "हं."

तो हं फार जुना होता. मी आठ-नऊ वर्षांची असताना आई आम्हा दोघांना घेऊन शिकण्यासाठी शहरात राहायला आली आणि बाबा धरणाच्या वसाहतीतच राहिले, शनिवारी संध्याकाळच्या बसने यायचे. नव्या शाळेत बाईंनी एकेकाला उभं करून वडील काय करतात ते विचारलं. कुणाचे दुकानदार, कुणाचे ड्रायव्हर, एकीचे दातांचे डॉक्टर. मी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाले, माझे बाबा धरणातून गळणारं पाणी मोजतात. वर्ग हसून फुटलाच. "गळतंय? मग धरण फुटणार!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि दोघेतिघे पोहण्याचे हातवारे करू लागले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी डस्टर आपटलं आणि माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, "म्हणजे धरणावर इंजिनिअर आहेत तिचे वडील." किती व्यवस्थित शब्द होता तो. इस्त्री केलेला, कुणीही न हसणारा. मी त्यात जाऊन बसले आणि मग तिथेच राहिले. बाबांना हे कधी कळलं नाही. शनिवारी ते यायचे तेव्हा त्यांच्या हातावर घडी केलेला राखाडी स्वेटर असायचा, भर उन्हाळ्यातसुद्धा, आणि बसमधली माणसं त्यांच्याकडे बघून हसत असतील असं मला वाटायचं. आत गार असतं, ते म्हणायचे. धरणाच्या पोटात बोगदे आहेत हे मला त्यामुळे भूगोलाच्या आधीच ठाऊक होतं. स्वेटरला एक वास होता, चुन्याचा, ओल्या दगडाचा, बंद ठेवलेल्या माठाचा. आई तो धुवायची तरी जायचा नाही. "एकदा तुला आत नेऊन दाखवतो," ते म्हणायचे, पण त्या काळात घरच्या माणसांना आत सोडत नसत, आणि पुढे सोडायला लागले तोवर आई गेली होती, ते निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आले होते, आणि आम्हा दोघांनाही वाटायचं की धरण काही कुठे पळून जात नाही.

ते गेल्यानंतर स्वयंपाकघर भयंकर शांत झालं. मी पुष्कळ वाचलेली बाई आहे. शांततेवर कुणी कुणी काय काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे आणि त्यातलं बरंचसं मी निमूटपणे पुसूनही टाकलेलं आहे. ही शांतता तशी नव्हती. ती एका ठरावीक जागी होती, नळाच्या तोंडाशी. ओट्यापाशी उभी राहिले की पाठीला कळायचं, आता पडेल, आता पडेल, आणि पडायचं नाही. थांबलं तर सांग. कुणाला सांगू? धरणाच्या पायाखालून, खडकाच्या फटींतून पाणी वर यायला बघतं, बाबा सांगायचे. त्याला वाट ठेवावी लागते. पायात भोकं पाडून ते पाणी बोगद्यात येऊ द्यायचं आणि मोजून बाहेर सोडायचं. रोज तेवढंच येतंय तोवर झोप लागते. वाढलं तर कारण शोधायचं. पण अचानक थांबलं तर भोक बुजलेलं असतं, पाणी गेलेलं नसतं. ते खालीच असतं आणि धरणाला उचलू बघत असतं. हे सगळं स्वयंपाकघरातल्या नळाला लागू नाही एवढं मला समजत होतं. तरी एका सकाळी मी पान्हा घेतला, नळाची मूठ सोडवली आणि आतली चकती हाताला लागेल तशी वाकडी केली. थेंब पडायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. मी औषधाचं टोपण शोधून त्याखाली धरलं आणि मला हसू आलं. मग थेंबांची धार झाली, धारेची चांगली चिळकांडी झाली, आणि मी ओट्यावर चढून मुख्य तोटी बंद करून प्लंबरला फोन केला.

प्लंबर आला, त्याने मूठ उघडली आणि कपाळावर हात मारला. "अहो ताई, नवा वॉशर घातला होता मी. हे कुणी केलं?" मी म्हटलं, "खराब झाला असेल." "खराब? हा कुणीतरी पिळलाय!" मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "काका कुठायत?" मी सांगितलं. त्याने पान्हा ओट्यावर ठेवला. "चांगले होते हो. पण जरा," आणि त्याने बोट हवेत गोल फिरवलं, घाईने खाली घेतलं. "म्हणजे वाईट अर्थाने नाही ताई. मला बोलावलं नळ दुरुस्त करायला, आणि मी बसवत होतो तर म्हणतात, थोडं राहू द्या. मी म्हटलं, काका, थोडं राहू द्यायचं तर मला कशाला बोलावलंत, ते तर होतंच की! खूप हसले. मग उभे राहिले तिथे, हात असे काखेत घालून, आणि म्हणाले, बरं, करा बंद. तिला झोप हवी." त्याने नवा वॉशर बसवला. "करू ना घट्ट?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "करा." तो गेला. मी स्टुलावर बसले, ज्या स्टुलावर बसून ते ऐक म्हणाले होते. त्यांनी आयुष्यभर ज्याची राखण केली ते शेवटच्या दुपारी माझ्यासाठी बंद केलं आणि मी बरं झालं म्हटलं. मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. त्याऐवजी मी सहलींची जाहिरात शोधून धरणाच्या बसचं तिकीट काढलं. दादा फोनवर म्हणाला, "धरण बघायला? आत्ता? बरी आहेस ना?" मी म्हटलं, "लोक जातात." "लोक जातात गं, पण लोक सहलीला जातात." मी म्हटलं, "मग मीही सहलीलाच जाते."

आणि सहलच होती. बसमध्ये गाणी, वेफर, खिडकीवरून भांडणं. माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका, रुंद कडांची टोपी घालून, ती टोपी प्रत्येक वळणाला माझ्या कानाला लागायची. पुढच्या बाकावर एक जोडपं. नवरा प्रत्येक गोष्टीला नावं ठेवणारा आणि बायको त्याचं प्रत्येक नाव ठेवणं "हो का" म्हणून बाजूला ठेवणारी. डोंगराला वळसा घालून बस थांबली आणि ते दिसलं. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात धरणाचं छायाचित्र आहे. त्या पानावर सही माझीच, उंची-लांबीचे आकडे मी तीनतीनदा तपासलेले. पण पुस्तकातलं धरण माझ्या तळहाताएवढं आहे आणि मी नकळत तेवढंच काहीतरी बघायला आले होते. समोर होती ती भिंत नव्हतीच. भिंत म्हटलं की तिच्यापलीकडे काहीतरी असतं, अंगण, रस्ता. हिच्यापलीकडे काही असू शकेल असं वाटत नव्हतं. दोन डोंगरांच्या मध्ये कुणीतरी संध्याकाळ ओतून घट्ट केली होती. दारं उघडलेली होती, आणि पाणी खाली येत होतं ते पडत नव्हतं, उतरत होतं, सावकाश, पांढरं. आवाज मात्र आधी पायांना कळला आणि मग कानांना. मुख्याध्यापिकाबाईंनी टोपी काढली. देवळात काढतात तशी नाही, नीट दिसावं म्हणून. "बाप रे," त्या म्हणाल्या. "काय हो ही माणसं! काय करून ठेवलंय!" पुढचा नवरासुद्धा क्षणभर गप्प होता. मग म्हणाला, "फोटोत मोठं दिसतं." "हो का," बायको म्हणाली आणि वरच बघत राहिली, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखी.

धरणाच्या माथ्यावरून चालताना एका बाजूला पाणी, पार डोंगरांच्या घड्यांत शिरलेलं, इतकं स्तब्ध की त्यावर पाऊल ठेववेल, आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी, तळाशी फेस, फेसात इंद्रधनुष्याचा एक तुकडा येत-जात असलेला. मी मधोमध चालत होते. एका हाताला सगळा जोर आणि दुसऱ्या हाताला काहीच नाही, आणि मधे हा रस्ता, ज्यावर लोक फुगे घेऊन फिरतायत, चहा पितायत, एकमेकांना अजून थोडं मागे सरक म्हणून फोटो काढतायत. मला या धरणाचा राग यायचा. माझे सहा दिवस त्याने घेतले आणि एक दिवस मला दिला, असा हिशेब मी लहानपणी मांडला होता. आता कठड्यावर हात ठेवला तर काँक्रीट उन्हाने तापलेलं, आणि त्यावर रेषा होत्या, बारीक, वळणावळणाच्या. वाकून पाहिलं तर लाकडाच्या होत्या. ज्या फळ्यांच्या साच्यात हे ओतलं त्या फळ्या केव्हाच सरपणात गेल्या असतील, पण त्यांच्या गाठी, त्यांचे शिरांचे नकाशे इथे दगडावर उमटून राहिलेत. कुठल्या झाडाच्या, कुणी रंधा मारलेल्या? मी बोटाने एका गाठीभोवती फिरून आले. राग शोधला, सापडला नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीवर रागवायला माणूसही तेवढा मोठा लागतो.

आत जायच्या दारापाशी गाइड होती, पंचविशीतली, गुडघ्यापर्यंत बूट, आवाजात रोजची पुटं चढलेली तरी आनंदी. तिने डोक्याला हेल्मेट दिली. "आत गार असतं हं, कुणी काही गरम आणलंय का?" कुणीच आणलं नव्हतं, बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी पिशवीतून राखाडी स्वेटर काढला. लिफ्ट खाली गेली, कान बंद झाले, दार उघडलं आणि तो वास आला. चुना, ओला दगड, बंद ठेवलेला माठ. आमच्या घरातल्या शनिवार संध्याकाळचा वास. मी लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकायची विसरले आणि मागून त्या नवऱ्याने म्हटलं, "अहो, पुढे व्हा, का इथूनच परत?" पुढे बोगदा होता, लांबच लांब, पिवळ्या दिव्यांची रांग घेऊन किंचित वळलेला, त्यामुळे शेवट दिसत नव्हता. भिंतींवर पांढरे ओघळ सुकलेले. सगळे आपोआप हळू बोलायला लागले. वर किती पाणी आहे ते कुणीच विचारत नव्हतं. गाइडने एका उभ्या विवरात टांगलेली तार दाखवली. धरण भरलं की किंचित पुढे झुकतं, उतरलं की मागे येतं, ते या तारेवरून कळतं. "हलतं?" बायकोने विचारलं. "हलतं की," गाइड म्हणाली, जणू तिचंच मूल रांगायला लागलंय. मला त्या क्षणी ते धरण इतकं आवडलं की छातीत दुखलं.

मुख्याध्यापिकाबाई कुडकुडत होत्या. मी स्वेटर त्यांच्यापुढे धरला. "अहो नको, तुम्हाला लागेल." "घ्या. मला सवय आहे." त्यांनी तो हेल्मेटवरून कसाबसा चढवला आणि हात बाहेर काढून म्हणाल्या, "बऱ्या तयारीने आलात. आधी येऊन गेलात वाटतं?" "नाही." "मग कसं माहीत?" गाइडने हाक मारली आणि त्या पुढे झाल्या. दोन दिव्यांच्या मधल्या काळोखात त्यांची पाठ राखाडी होती, खांद्यापाशी उसवलेली आणि आईने दुसऱ्याच रंगाच्या लोकरीने विणून काढलेली. मग त्यांनी गारठून दोन्ही हात काखेत घातले, अगदी तसेच, आणि मी भिंतीला हात टेकला. भिंत ओली होती. पाठ पुढे जात होती. मी तिच्या मागून चालत होते आणि मला काहीच वाईट वाटत नव्हतं, फक्त वाटत होतं की आता वळू नका, थोडं आणखी असंच चाला.

मग आवाज आला. आधी एक थेंब, मग पुष्कळ, मग सगळे मिळून वाहणारे. बोगद्याच्या कडेने नाली होती आणि जमिनीतल्या पाइपांच्या तोंडांतून पाणी वर येऊन तिच्यात उतरत होतं, स्वच्छ, बिनघाईचं. थोडं पुढे नालीत आडवा पत्रा उभा होता, त्याला मधोमध खाच, आणि तिच्यातून पाणी काचेसारखं वाकून पलीकडे पडत होतं. शेजारी मोजपट्टी. इथेच. उकिडवं बसावं लागत असेल. गुडघे तेव्हापासून दुखत असतील. नवरा वाकला, आणि बाहेर हरवलेला त्याचा आवाज त्याला परत सापडला. "अरे! हे तर गळतंय! एवढं मोठं धरण बांधलं आणि गळतंय! चला लवकर, फुटायच्या आत बाहेर पडू." हशा झाला. बोगद्याने तो घेतला आणि वळणापलीकडे नेऊन परत आणला, आणि परत येताना तो मुलांचा झालेला होता, मागच्या बाकांवरचा. गाइडलाही हसू आलं, हे तिला रोज ऐकावं लागत असणार. "गळत नाही हो काका, गळू दिलंय," ती म्हणाली. "हे थांबलं तर खरी भीती. म्हणून रोज मोजतात. आता यंत्र आहे, आकडा आपोआप वर जातो. पूर्वी माणूस यायचा." "रोज?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, काखेतले हात तसेच. "एवढ्या खाली? एकटा? कोण हो?" गाइडने खांदे उडवले. "ते नाही माहीत. असेल कुणीतरी." आणि ती पुढे निघाली. लोक तिच्या मागे निघाले. खाचेतून पाणी पडत होतं, कालच्याइतकंच असणार, उद्याही तेवढंच. माझ्या गळ्याशी ते वाक्य आलं, नेहमीच्या जागी येऊन बसलं. मी वाट पाहिली. मग गालावर काहीतरी ओलं लागलं. मला वाटलं छतातून पडलं. मी वर पाहिलं. छत कोरडं होतं.

"थांबा," मी म्हटलं. ते सगळे थांबले, हेल्मेटवाले, वळून माझ्याकडे बघत, वर्गातल्यासारखे. पिवळ्या उजेडात राखाडी स्वेटरही वळला. मी उभी होते तशीच राहिले आणि माझा आवाज खणखणीत निघाला, मलाच ओळखू न येण्याइतका लहान आणि खणखणीत.

"माझे बाबा," मी म्हटलं, "माझे बाबा हे गळणारं पाणी मोजायचे."